विमानावर नाव एकाचं, नोकरी दुसऱ्याची

१० नोव्हेंबर २००८, सोमवार. ओबामा निवडून येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. अमेरिकेच्या ओहायो राज्यात विल्मिंग्टन नावाचं गाव आहे, वस्ती साधारण बारा हजार. आपल्याकडे एखादं तालुक्याचं गाव असावं तेवढं. त्या दिवशी डीएचएल कंपनीने जाहीर केलं की अमेरिकेतल्या अमेरिकेत पार्सल पोचवण्याचा धंदा आम्ही बंद करतोय, शेवटची तारीख ३० जानेवारी. देशभरातल्या ९,५०० नोकऱ्या जाणार. त्याआधी ५,४०० गेल्याच होत्या.

विल्मिंग्टनला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. गावाबाहेरच्या विमानतळावर सात-आठ हजार माणसं कामाला होती. अख्ख्या क्लिंटन काउंटीची लोकसंख्या बेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घराचा कुठून ना कुठून त्या धावपट्टीशी संबंध.

आता मुद्द्याची गोष्ट. यातले बहुतेक लोक डीएचएलचे नोकर नव्हतेच. विमानं पिवळीधमक, त्यावर लाल अक्षरात डीएचएल. आत मालही डीएचएलचा. पण पायलटच्या पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव दुसरंच. कुणाच्या स्लिपवर एबीएक्स एअर, कुणाच्या स्लिपवर अ‍ॅस्टार एअर कार्गो. ज्या कंपनीने त्यांचं काम संपवलं, तिच्याशी त्यांचा कागदोपत्री करार नव्हता. आणि ज्या कंपनीशी करार होता, तिच्या हातात काही नव्हतं.

ही गोष्ट विल्मिंग्टनची असली तरी आजही रोज रात्री हजारो पायलट याच पद्धतीने उडतात. तेव्हा ही पद्धत आली कुठून ते जरा सविस्तर बघू.

गाडी ड्रायव्हरसकट

लग्नाला आपण ट्रॅव्हल्सची गाडी ठरवतो. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, विमा आणि दुरुस्ती त्याची. डिझेल आपलं, कुठे जायचं आणि किती वाजता निघायचं हे आपण ठरवणार. विमानाच्या धंद्यात याला 'एसीएमआय' म्हणतात. विमान, कर्मचारी, देखभाल आणि विमा या चार गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं. वेट लीज हा शब्द आपल्याकडच्या बातम्यांत अधूनमधून येतो, तेच हे. पुढे याचा आणखी एक प्रकार निघाला, त्यात विमानही गिऱ्हाईकच देतं. ठेकेदार फक्त पायलट आणि देखभाल पुरवतो.

धंदा म्हणून यात गैर काही नाही. दिवाळी किंवा नाताळच्या आधी माल दुप्पट होतो, नंतर उतरतो. त्यासाठी कुणी कायमची विमानं आणि कायमचे पायलट का ठेवावेत? बाहेरून घ्यावेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्याची जुनी विमानं स्वस्तात विकायला निघाली, सैन्यातून सुटलेले पायलट बेकार होते, त्यातून अशा भाड्याच्या कंपन्यांचं पीक आलं. १९७७ मध्ये कार्टर यांच्या काळात मालवाहतुकीवरचे सरकारी निर्बंध उठले. प्रवासी विमानांचे निर्बंध त्यानंतर, १९७८ मध्ये उठले. मग खरा सुकाळ झाला. १९९२ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या मायकल चौधरी यांनी अ‍ॅटलास एअर काढली. इतर देशांच्या विमान कंपन्यांना जम्बो जेट पायलटसकट भाड्याने द्यायची, एवढाच तिचा धंदा. आज ती या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे.

तर अडचण ठेक्यात नाही. ठेका संपला की त्याचा फटका कुणाला बसतो, अडचण तिथे आहे.

फुलांपासून डीएचएलपर्यंत

विल्मिंग्टनची कंपनी मुळात ठेकेदार नव्हती. १९४६ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियात ताजी फुलं विमानाने आणण्यासाठी एक संस्था निघाली. त्यातून पुढे एअरबोर्न ही कुरिअर कंपनी झाली. १९७१ मध्ये विल्मिंग्टनचा हवाई दलाचा तळ बंद पडला होता. १९८० मध्ये एअरबोर्नने तिथली एक छोटी चार्टर कंपनी घेतली आणि सोबत तो तळही घेतला. स्वतःच्या मालकीचा विमानतळ असलेली ही जगावेगळी विमान कंपनी.

काटकसर तर अशी की विचारू नका. इतर कंपन्या प्रवासी विमान विकत घेऊन त्याला मालाचं मोठं दार बसवायच्या, त्याला भरपूर खर्च. एअरबोर्नने उलटं केलं. प्रवाशांच्या दारातून आत जाईल एवढ्या आकाराचे डबेच बनवून घेतले. दार बदलण्याचा खर्च वाचला. पण पायलट कंपनीचे, कायमचे, युनियनवाले. टीमस्टर्स ही ट्रकचालकांची जुनी, दांडगी संघटना, तिची १२२४ नंबरची शाखा त्यांची.

काम मात्र रात्रीचं. दिवसभर देशभरात गोळा झालेली पाकिटं घेऊन विमानं मध्यरात्रीच्या सुमारास विल्मिंग्टनला उतरायची. दोन-तीन तासांत सगळा माल उतरवून, वेगळा करून, पुन्हा भरायचा. पहाटे चारच्या पुढेमागे विमानं निघायची. मधल्या वेळात पायलटने डुलकी काढायची, तीही मिळाली तर. ज्यांनी गिरणीत किंवा एमआयडीसीत तिसरी पाळी केलीय त्यांना सांगायला नको. दिवसा झोपलं तरी ती झोप रात्रीची नसते. खिडकीला जाड पडदा लावा, फोन बंद करा, अंगातलं घड्याळ काही फसत नाही. आठवडाभर रात्री जागायचं आणि सुट्टीच्या दिवशी बायकापोरांबरोबर दिवसा जागायचं. म्हणजे शरीराला दर आठवड्याला परदेशवारी.

तरी लोक टिकून होते, कारण नोकरी पक्की होती.

२००३ मध्ये डीएचएल आली. तिची मालक जर्मनीची डॉइश पोस्ट, म्हणजे तिकडचं पूर्वीचं सरकारी पोस्ट खातं. अमेरिकेत फेडएक्स आणि यूपीएसला टक्कर द्यायची म्हणून तिने एअरबोर्न घ्यायचं ठरवलं, किंमत १०५ कोटी डॉलर. पण अमेरिकेचा कायदा म्हणतो की अमेरिकी विमान कंपनीतले मतदानाचे किमान ७५ टक्के हक्क अमेरिकी नागरिकांकडेच पाहिजेत, अध्यक्ष आणि संचालक मंडळातले दोन तृतीयांश लोकही अमेरिकीच. १९३८ पासूनचा नियम.

मग तोड काय काढली? एअरबोर्नचे दोन तुकडे केले. गाड्या, गोदामं, गिऱ्हाइकं, म्हणजे जमिनीवरचं सगळं डीएचएलने घेतलं. विमानं आणि पायलट यांची एबीएक्स एअर ही वेगळी कंपनी झाली, तिचे शेअर जुन्या भागधारकांना वाटले. डीएचएलची स्वतःची अमेरिकेतली जुनी विमान कंपनी होती, ती अमेरिकी गुंतवणूकदारांना विकली, तिचं नाव झालं अ‍ॅस्टार. ती खरोखर अमेरिकी आहे का, यावर फेडएक्स आणि यूपीएसने वाद घातला, पण २००४ मध्ये सरकारने ती अमेरिकीच ठरवली.

कागदावर एबीएक्स स्वतंत्र कंपनी, शेअर बाजारात नोंदलेली. प्रत्यक्षात गिऱ्हाईक जवळजवळ एकच. करार असा की जो खर्च येईल तो डीएचएल देणार आणि वर साधारण पावणेदोन टक्के मूळ नफा, कामगिरी चांगली झाली तर थोडा अधिक. एवढ्या नफ्यात गंगाजळी काय साठणार? आणि एवढी गिऱ्हाइकी असताना दुसरं गिऱ्हाईक शोधायला कोण जाणार?

मला यात सगळ्यात खटकतं ते हे. परदेशी मालकीवरचा कायदा देशाच्या विमान कंपन्या आणि त्यातल्या नोकऱ्या राखण्यासाठी होता. इथे त्याच कायद्याची अट पाळताना पायलट आणि खरा मालक यांच्यात भिंत उभी राहिली. एअरबोर्न असताना पायलटांची युनियन ज्या टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायची, तोच विमानांचं काय करायचं हे ठरवायचा. २००३ नंतर टेबलापलीकडे बसलेला माणूस म्हणू लागला, 'बाबांनो, मलाच गिऱ्हाईक जेवढं देतं तेवढंच मिळतं.' आणि तो खोटं बोलत नव्हता!

हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. विल्मिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर डेटन शहर आहे, राइट बंधूंचं गाव. तिथे एमरी या मालवाहू कंपनीचा मुख्य तळ होता. फेब्रुवारी २००० मध्ये तिचं एक विमान कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ कोसळलं, तिघे गेले. पुढे देखभालीवरून सरकारी यंत्रणेशी वाद वाढला आणि ऑगस्ट २००१ मध्ये एमरीची विमानं जमिनीवर बसली. माल थांबला नाही, तो भाड्याच्या विमानांनी जायला लागला. डिसेंबरात मूळ कंपनीने सांगितलं की विमानांचा विभाग कायमचा बंद, भाड्याचंच बरं. पायलटांना नाताळच्या तोंडावर कळलं की त्यांच्यावाचून धंदा चालतो हे चार महिन्यांत सिद्ध झालंय.

२००८

डीएचएलने २००५ मध्ये सिनसिनाटीचा तळ हलवून सगळं विल्मिंग्टनला आणलं. राज्याने सवलती दिल्या, गावात नवी घरं झाली, लोकांनी कर्जं काढली. पण फेडएक्स-यूपीएसची पकड काही सुटेना, तोटा वाढत गेला.

मे २००८ मध्ये डीएचएलने जाहीर केलं की आता आमचा माल यूपीएसच्या विमानांतून जाईल. म्हणजे ज्या स्पर्धकाला हरवायला आले, त्याच्याच पाठीवर बसून जायचं. निवडणुकीचं वर्ष होतं, ओहायोची मतं मोलाची. ऑगस्टमध्ये मॅकेन विल्मिंग्टनला येऊन गेले. त्यांची पंचाईत अशी की २००३ मध्ये डीएचएलसाठी वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग करणारा माणूस आता त्यांच्याच प्रचाराचा प्रमुख होता. ओबामांनीही विल्मिंग्टनचं नाव घेतलं. नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि सहा दिवसांत वर सांगितलेली घोषणा आली. यूपीएसबरोबरचा करार तर झालाच नाही, एप्रिल २००९ मध्ये बोलणीच संपली. आणि अमेरिकेत येणाजाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालासाठी डीएचएल त्याच वर्षी परत सिनसिनाटीला गेली. विल्मिंग्टनचा विमानतळ तिने पुढच्या वर्षी काउंटीच्या संस्थेला देऊन टाकला. अ‍ॅस्टार २०१२ मध्ये बंद पडली.

पन्नाशीत पुन्हा पहिली यत्ता

इथे कुणी म्हणेल, पायलट म्हणजे लठ्ठ पगार, एक गेली तर दुसरी मिळेल. सॉफ्टवेअरवाले नाही का बदलत?

नाही जमत. अमेरिकेत, आणि बऱ्याच देशांत, पायलटचं सगळं आयुष्य सिनियॉरिटीच्या यादीवर चालतं. कंपनीत रुजू झालेली तारीख म्हणजे तुमचा नंबर. कोणतं विमान उडवायचं, कॅप्टन कधी व्हायचं, कोणत्या गावात तळ मिळेल, दिवाळीला घरी की आभाळात, सगळं या नंबरावर. पद्धत चांगल्या हेतूने आली. साहेबाच्या मर्जीतल्या माणसाला चांगलं काम आणि बाकीच्यांना उरलंसुरलं, हा प्रकार मोडायला जुन्या युनियननी ती भांडून मिळवली.

पण हा नंबर कंपनीच्या दाराबाहेर चालत नाही. समजा एबीएक्सचा पन्नास वर्षांचा कॅप्टन, वीस वर्षं नोकरी, हजारो तासांचं उड्डाण. त्याला दुसऱ्या कंपनीने घेतलं तर तो यादीत सगळ्यात शेवटी, पंचविशीतल्या पोराच्या मागे. पगार पहिल्या वर्षाचा, हुद्दा सहवैमानिकाचा. आणि बहुतेक वेळा 'रिझर्व्ह', म्हणजे फोन वाजला की हजर. इंजिनियर अनुभव घेऊन बाहेर पडतो. पायलटला अनुभव दारातच ठेवून बाहेर पडावं लागतं.

त्यात २००८ ची वेळ तर फारच वाईट. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने विमान कंपन्यांच्या पायलटांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं. वरचे लोक आणखी पाच वर्षं बसून राहणार, म्हणजे खाली जागाच निघणार नाहीत. वर मंदी आली. कुणी परदेशातल्या कंपन्यांत गेले, कुणी भाड्याच्याच दुसऱ्या कंपनीत, काहींनी उडणं सोडलं. एबीएक्स मात्र बुडाली नाही. तिच्या मूळ गटाने (आता त्याचं नाव एटीएसजी) २००७ च्या अखेरीस आणखी दोन मालवाहू कंपन्या घेतल्या होत्या, उरलेली विमानं इतरांना भाड्याने देत ती तगली. फक्त आता एकाच छपराखाली वेगवेगळ्या युनियनचे पायलट आले. काम कुणाला द्यायचं हे वरचे ठरवणार. एकाने पगाराचा आग्रह धरला की काम शेजारच्याला जाऊ शकतं, हे न सांगताच सगळ्यांना कळतं.

झोप किती लागते?

नोकरीच्या टिकण्याइतकाच दुसरा प्रश्न दमणुकीचा. आणि इथे मालवाहू पायलट कायद्यानेच वेगळा ठरवला गेलाय.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोलगन कंपनीचं प्रवासी विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, पन्नास माणसं गेली. चौकशीत दोन्ही पायलटांच्या झोपेचा प्रश्न निघाला. कॅप्टन विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत झोपला होता. सहवैमानिक बाई आदल्या रात्री सिएटलहून देशाच्या दुसऱ्या टोकाला कामावर आली, तीही फेडएक्सच्या मालवाहू विमानातल्या जादा जागेवर बसून, वाटेत मेम्फिसला विमान बदलून. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले, २०१० मध्ये कायदा झाला. त्यानुसार एफएए, म्हणजे आपल्या डीजीसीएसारखी तिकडची यंत्रणा, तिने विश्रांतीचे नवे नियम केले. ड्यूटी सुरू होण्याच्या वेळेनुसार दोन पायलटांना ९ ते १४ तासच काम, दोन ड्यूट्यांच्या मध्ये किमान १० तास विश्रांती, त्यात सलग ८ तास झोपेची संधी. रात्री काम सुरू केलं तर तास कमी, कारण विज्ञान तसं सांगतं.

आणि मालवाहू विमानांना हे नियम लागू नाहीत. कारण दिलं खर्चाचं. मालवाहू कंपन्यांना येणारा खर्च त्यातून होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त, असा हिशेब. प्रवासी विमान पडलं तर शंभर-दोनशे माणसं, मालवाहू पडलं तर दोन-तीन. हिशेब जमत नाही म्हणे. रात्री उडणाऱ्यांसाठीच ज्याची जास्त गरज, तो नियम रात्री उडणाऱ्यांनाच नाही. भाड्याच्या मालवाहू कंपन्यांना जुनेच नियम, त्यात दोन पायलटांना १६ तासांपर्यंत ड्यूटी चालते. यूपीएसच्या पायलटांची संघटना कोर्टात गेली, २०१६ मध्ये हरली. कोर्ट म्हणालं, खर्च-फायद्याचा हिशेब करायला यंत्रणेला मुभा आहे.

नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू होणार होते. त्याआधी १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे यूपीएसचं एक एअरबस अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना टेकडीवर आदळलं. दोघेही पायलट गेले. कॉकपिटच्या रेकॉर्डरमध्ये सापडलं की त्याच रात्री उड्डाणाआधी दोघे याच विषयावर बोलत होते, आपल्याला वेगळे नियम का म्हणून. चौकशीचा निष्कर्ष पूर्ण सांगायला हवा, अर्धा सांगितला तर खोटं होईल. मुख्य दोष उतरण्याच्या चुकीच्या पद्धतीला दिला. सहवैमानिकेची दमणूक हे एक कारण धरलं, पण तिने स्वतःची सुट्टीची वेळ नीट वापरली नाही असंही नमूद केलं. आणि ते वेळापत्रक नव्या नियमांतही बसलं असतं. म्हणजे नियम हा रामबाण नाही. पण मग प्रवासी विमानाला तरी तो कशाला केला?

२०२५ च्या डिसेंबरात आपल्याकडे इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, तेव्हा पायलटच्या विश्रांतीचे नियम हा विषय पहिल्यांदा आपल्या चहाच्या टपरीवर आला. कारण आपण स्वतः विमानतळावर बॅगा घेऊन अडकलो होतो. पार्सल अडकलं की ते बोंबलत नाही.

अ‍ॅमेझॉनचा प्रवेश

२०१५ च्या शरद ऋतूत विल्मिंग्टनच्या धावपट्टीवर पुन्हा रात्रीची विमानं दिसायला लागली. रंग पांढरा, नाव नाही. गावात कुजबूज. काही महिन्यांनी उलगडा झाला, अ‍ॅमेझॉन स्वतःचं हवाई जाळं करून बघत होती. मार्च २०१६ मध्ये तिने एटीएसजीकडून २० बोइंग ७६७ घेण्याचा करार केला, मे महिन्यात अ‍ॅटलासकडून आणखी २०. शिवाय दोन्ही कंपन्यांत पुढे भाग घेण्याचे हक्क. हे जुन्या डीएचएलच्या व्यवहारापेक्षा चलाख. गिऱ्हाईकच थोडं मालक होतं, पण नोकर ठेवत नाही.

काम एवढं वाढलं की पायलट पुरेनात. एबीएक्सच्या पायलटांचं म्हणणं असं की सुट्टीच्या दिवशी सक्तीने बोलावतात आणि त्या बदल्यातली करारातली भरपाईची सुट्टी देत नाहीत. २२ नोव्हेंबर २०१६ ला, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी, सुमारे अडीचशे पायलटांनी संप केला. डीएचएल आणि अ‍ॅमेझॉन दोघांचीही उड्डाणं थांबली. दुसऱ्या दिवशी सिनसिनाटीच्या न्यायाधीशांनी कामावर परत जायचा हुकूम दिला.

हा हुकूम एवढा पटकन कसा मिळतो, तर अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांना रेल्वेचा कामगार कायदा लागू आहे, १९३६ पासून. वाहतूक बंद पडू नये हा त्याचा हेतू. त्यात युनियनचा करार मुदतीनंतर संपत नाही, 'दुरुस्तीयोग्य' होतो आणि जुन्याच पगारावर चालू राहतो. सरकारी मध्यस्थाने सोडल्याशिवाय संप करता येत नाही. मध्यस्थाला घाई नसते. मालकाला तर मुळीच नसते. अ‍ॅटलासमध्ये २०१६ ला सुरू झालेली बोलणी लवादापर्यंत गेली, निकाल सप्टेंबर २०२१ मध्ये लागला. मधल्या काळात, २०१७ मध्ये, पायलट मुद्दाम काम संथ करतात म्हणून कोर्टाने त्यांच्या युनियनवर बंदीहुकूम बजावला होता. पाच वर्षांत अनेकांनी युनियनची वाट न बघता फेडएक्स, यूपीएसची वाट धरली. तरुणांना ते जमतं, यादीत खाली गेले तरी पुढे वर्षं असतात.

२३ फेब्रुवारी २०१९ ला अ‍ॅटलासचं अ‍ॅमेझॉनसाठी उडणारं ७६७ टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ पाण्यात पडलं, तिघे गेले. त्यातला एक तर दुसऱ्याच कंपनीचा पायलट होता, कामावर जायला जादा जागेवर बसलेला. चौकशीत सहवैमानिकाची चूक निघाली. त्याचबरोबर त्याच्या जुन्या प्रशिक्षणातल्या अडचणी भरती करताना लक्षात न येणं हा कंपनीच्या भरती पद्धतीतला दोष आणि पायलटांच्या नोंदी एकत्र ठेवण्यात एफएएने केलेली दिरंगाई, यांनाही जबाबदार धरलं. विमानाच्या शेपटीवर अ‍ॅमेझॉनचं हसरं चिन्ह होतं. अहवालात कंपनी म्हणून नाव अ‍ॅटलासचं.

जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने पहिल्यांदा स्वतःची विमानं विकत घेतली, डेल्टा आणि वेस्टजेटकडून अकरा ७६७. म्हणजे पैसा नाही किंवा विमान ठेवता येत नाही, हा प्रश्न उरला नाही. पायलट मात्र एकही ठेवला नाही. ते एबीएक्स, एटीआय, अ‍ॅटलास, मग सन कंट्री, मग हवाईयन, अशा निरनिराळ्या घरचे. २०२४ मध्ये अ‍ॅटलासने अ‍ॅमेझॉनसाठीचं उड्डाण आवरतं घेतलं आणि सन कंट्रीकडची अ‍ॅमेझॉनची विमानं वाढली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पार्सल त्याच दिवशी पोचलं, फरक शून्य. पायलटच्या दृष्टीने कुठल्या यादीतलं काम गेलं आणि कुठल्या यादीत आलं, एवढाच फरक.

दरम्यान अ‍ॅटलास २०२३ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने आणि तिच्या भागीदारांनी विकत घेतली. एटीएसजी २०२५ मध्ये स्टोनपीकने घेतली. दोन्ही शेअर बाजारातून बाहेर गेल्या, त्यामुळे त्यांचा ताळेबंद आता बाहेरच्या माणसाला पूर्वीसारखा वाचता येत नाही.

आपल्याकडचा धागा एवढाच की ज्या डीएचएलने विल्मिंग्टन सोडलं, तिनेच २००४ मध्ये मुंबईच्या ब्लू डार्टचा मोठा हिस्सा घेतला आणि अजूनही तो तिच्याकडेच आहे. ती विमानं मात्र ब्लू डार्टच्याच गटातली कंपनी उडवते, रोजच्या भाड्यावर घेतलेली नाहीत. फरक कळावा म्हणून सांगितलं, कुणाला प्रमाणपत्र द्यायला नाही.

अ‍ॅमेझॉनने मुख्य तळासाठी विल्मिंग्टन निवडलं नाही. तो सिनसिनाटीला झाला, २०२१ मध्ये सुरू झाला. विल्मिंग्टनला २०१९ पासून छोटा तळ मिळाला. रात्री विमानं येतात, माल वेगळा होतो, पहाटे जातात. एबीएक्सचं मुख्यालय अजून त्याच धावपट्टीच्या कडेला आहे.